कनेक्शन सरेंडर

शनिवारी चोडणला सासुरवाडीला निघालो होतो, पिशवीत बांगडे. रायबंदरची फेरीबोट मांडवीच्या मध्यावर असताना फोन आला: साइट पडली. आमचा टीम लीड, वय पंचवीस, म्हणाला, "सर, कनेक्शन क्लोज करायला विसरलात." 'सर' म्हणून कान उपटायची ही नवी तऱ्हा.

"विसरलो नाही, क्लोज झालं नाही!" मी ओरडलो.

शेजारी स्कूटरला टेकलेले आजोबा सावरून उभे राहिले.

"आधी सरेंडर कर. रेग्युलेटर जमा केलास?"

"काका, डेटाबेसचं कनेक्शन."

"एजन्सी कुठली?"

"पोस्टग्रेस."

"म्हापशाची?"

"नाही हो."

"किती कनेक्शनं?"

"100."

आजोबा स्कूटरसकट मागे सरकले. "एका घरात 100? तुला धरतील मरे!" एका बाईने पोराला जवळ ओढलं.

आता हे 100 काही माझे लाड नव्हेत, पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादाच तेवढी. आणि मी चांगलं पायथन भाषेतलं 'विथ' लिहिलं होतं, काम संपलं की आवराआवर करणारं. फाइल 'विथ'मध्ये उघडली की एरर आली तरी बंद होते. पायथनला पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या सायकोपीजी 2 मध्ये मात्र कनेक्शनवरचं 'विथ' फक्त व्यवहार कमिट (पक्का) नाहीतर रोलबॅक (रद्द) करतं. दार सताड उघडंच. पुढे सायकोपीजी 3 मध्ये ते बंद होऊ लागलं. म्हणजे खटकलं त्यांनाही होतं! पण बोलणी कोणी खाल्ली?

बरं, पायथन एरवी असा कचरा स्वतःच उचलतो. पण मी प्रत्येक एरर 'नंतर बघू' म्हणून एका यादीत जपली होती. एररला तिचा ट्रेसबॅक, म्हणजे ती कुठून आली त्याचा माग, चिकटलेला, ट्रेसबॅकला कनेक्शन; मग तो उचलणार काय? हे मी लीडला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

सर्व्हरचा निरोप होता, 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी.' अख्ख्या दिवसात मला सॉरी म्हणणारा तो एकटाच.

चोडणच्या धक्क्यावर लॅपटॉप उघडला. कनेक्ट 'ट्राय'च्या बाहेर काढलं, नाहीतर जोडणीच फसली तर 'फायनली', म्हणजे काहीही झालं तरी शेवटी चालणारा भाग, मुळात न जुळलेलं कनेक्शन बंद करायला जातो आणि खरी एरर राहते बाजूला. क्लोज 'फायनली'त टाकलं. ती यादी गुपचूप उडवली. चार ओळी, पाऊण तास, माथ्यावर ऊन.

आजोबा स्कूटर थांबवून म्हणाले, "डिपॉझिटची पावती सोडू नको हां!"

सासूबाईंनी पिशवी उघडली, हुंगली आणि मांजराला हाक मारली.