आधी वेस, मग गाव, जमलंच तर कथा

सुटी कथा लिहायचे दिवस गेले. सुट्या कथेला संपादक ‘बघतो’ म्हणतात. एकाच काल्पनिक गावातल्या, एकमेकींत गुंतलेल्या बारा कथा आहेत म्हटलं की ‘पाठवून द्या, बघतो’ म्हणतात. तेव्हा यंदाच्या दिवाळी अंकांच्या आधी एक गाव वसवून घ्याच.

सुरुवातीलाच कथा लिहायची घाई करू नका. नकाशा काढा. अमेरिकेत विल्यम फॉकनरने आपल्या मनातल्या परगण्याचा नकाशा 1936 साली कादंबरीसोबत छापला आणि त्यावर ‘एकमेव मालक’ म्हणून स्वतःचं नाव घातलं. त्याआधी त्या परगण्यावर त्याच्या पाच कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या, पण एवढ्या खोलात आपण जायचं कारण नाही. आपल्याला सातबारा आधी हवा, पीकपाणी नंतर बघू.

नकाशात नदी हवीच. ती कुठून कुठे वाहते याचा फार विचार करू नका. कोकणातल्या नद्या पश्चिमेला समुद्राकडे जातात आणि घाटावरच्या बहुतेक पूर्वेला, हे चौथीच्या भूगोलात असतं. साहित्यात नदी लेखकाच्या मूडप्रमाणे वाहते. माझी नदी पहिल्या कथेत देवळाच्या मागून जाते, तिसऱ्या कथेत पुढून. एकाने विचारलं तेव्हा मी ‘प्रतीक आहे’ म्हणालो. तो गप्प झाला.

गावाच्या नावापुढे ‘खुर्द’ लावा. लगेच कोणीतरी विचारतं, ‘बुद्रुक कुठाय?’ झाला की दुसरा संग्रह.

आता माणसं. ती कागदावर नको, एक्सेलमध्ये घ्या. माझ्या तक्त्यात 214 माणसं आहेत. प्रत्येकाची जन्मतारीख, भावकी, बांधावरून कोणाशी वाकडं आहे, कोणत्या पायाने लंगडतो, सगळं रंग देऊन भरलंय. त्यातली सातजण आजवर तोंड उघडून काही बोलली आहेत. बाकीची अजून ‘घडताहेत’. हा शब्द लक्षात ठेवा, मुलाखतीत फार उपयोगी पडतो.

कथा एकमेकींना जोडायच्या कशा, या प्रश्नाने नवे लेखक उगाच झोप घालवतात. अहो, चहाचं हॉटेल कशाला आहे? पहिल्या कथेतला पोस्टमन पाचव्या कथेत हॉटेलच्या बाकड्यावर नुसता बशीतून चहा पिताना दाखवायचा. त्याला काम द्यायचं नाही, बोलू द्यायचं नाही. वाचक ‘अरेच्चा, हा तोच!’ म्हणतो, त्यात अर्धं पान निघून जातं. शिवाय एक वड, एक वेडी बाई आणि देवळातली घंटा. घंटा प्रत्येक कथेच्या शेवटी वाजवायची, म्हणजे कथा संपली हे निदान कळतं तरी.

तपशिलातल्या चुकांना घाबरू नका. शेरलॉक होम्सच्या डॉक्टर वॉटसनला गोळी 1887 साली खांद्याला लागली होती, 1890 पर्यंत ती पायात उतरली. तिकडचे विद्वान ती जखम अजून समजावून सांगताहेत. तुमच्या पोस्टमनचा लंगडा पाय मधूनच बदलला, तर कुणाची तरी पीएचडी होईल. माझा एक नायक 1942 साली भूमिगत होण्यासाठी एस्टीतून फाट्यावर उतरतो. एस्टी सुरू झाली 1948 च्या जूनमध्ये, पुणे-नगर मार्गावर. म्हणजे पोरगा काळाच्या सहा वर्षं पुढे होता. क्रांतिकारकाने असायलाच हवं. दुसऱ्या कथेत 1955 साली झेडपीचा अध्यक्ष पाणी अडवतो. जिल्हा परिषदा आल्या 1962 ला. पण पाणी अडलं होतं ना?

फक्त गाव खऱ्या तालुक्यात टाकताना जरा जपून. मी माझं पाटण तालुक्यात टाकलं, डोंगर आयते मिळतात म्हणून. सातव्या कथेत 1967 च्या डिसेंबरात, 10 ते 12 तारखेला, तिथे पाटलाच्या घरी दणक्यात लग्न होतं. सनई, पंगती, रुसवेफुगवे, शेवटी घंटा.

अंक आल्यावर एका बाईंचा फोन आला. वयस्कर आवाज, बोलणं शांत.

‘तुमच्या गावात भूकंप झाला नाही का हो?’

11 डिसेंबरची पहाट. कोयनेचा भूकंप. मी म्हणालो, ‘आजी, गाव काल्पनिक आहे.’

‘असंल बाबा,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्यात आज्याला पहिल्या गाडीनं कराडला जायचं होतं, म्हणून आजी चारलाच उठून चुलीम्होरं बसल्याली. मागची भिंत गेली तसं आईनं आम्हाला वाकळंसकट उचलून अंगणात टाकलं. सगळी आळी थंडीत कुडकुडत बसल्याली, रडारड चाललेली. आन् आजी म्हनती कशी, तव्यावरची भाकरी करपली आसंल गं. दोनदा आत जायला उठली. आज्यानं पदर धरून ठिवला तिचा.’

पुढे बऱ्याच बोलल्या. मी ‘हो, हो’ करत होतो. फोन ठेवला, एक्सेल उघडलं आणि 214 जणांपुढे एक नवा रकाना घातला: भूकंप. हो किंवा नाही. रंग पिवळा दिलाय.