टायरवरचे चार आकडे

सकाळी पेपर उघडला तर पहिलं पान सापडेना. जाहिरात, तिच्या पाठीमागे आणखी एक जाहिरात, बातम्या थेट तिसऱ्या पानावर. गुढी, आंब्याची पानं, हसणारं कुटुंब आणि हातभर अक्षरांत "फक्त १ रुपया भरा, पाडव्याला गाडी घरी न्या". खाली मुंगीएवढ्या अक्षरांत अटी. चष्मा लावूनही वाचता येईनात. शेवटी मोबाइलने फोटो काढला, मोठा केला आणि मग वाचल्या. एक रुपया भरायचा, बाकी सगळं कर्ज, तेही सात वर्षांचं आणि तेही "बँकेच्या मर्जीवर".

तेवढ्यात भाच्याचा मेसेज आला. कोटेशनचा फोटो आणि खाली, "मावशी, पाडव्याची डिलिव्हरी मिळतेय. सेल्सवाला म्हणतो आज टोकन दिलं नाही तर ऑफर जाईल. देऊ का?"

त्याला लिहिलं, एक पैसा देऊ नकोस, संध्याकाळी बोलते. पण दिवसभर डोक्यातून जाईना. मला आठवला २०१९ चा पाडवा.

तेव्हा आमच्या घरातली पहिली चारचाकी घेतली. आबा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या डेपोत ३२ वर्षं मेकॅनिक. दुसऱ्यांच्या गाड्यांखाली आयुष्य गेलं, स्वतःची कधी झाली नाही. निवृत्तीनंतरचे काही पैसे, थोडे माझे, थोडं कर्ज. शोरूमचं नाव लिहीत नाही. पाडव्याच्या दिवशी तिथे दहा-बारा गाड्या रांगेने उभ्या, प्रत्येकीवर लाल साटीनचं कापड. माइकवर नाव पुकारायचं, कुटुंब पुढे, फेटे, औक्षण, थर्माकोलची मोठी किल्ली, फोटो, टाळ्या, पुढचं कुटुंब. आमचं नाव आलं. कापड निघालं. आई रडायलाच लागली.

आणि आबा? आबा सरळ मागच्या डाव्या चाकापाशी जाऊन उकिडवे बसले. खिशातून रुमाल काढला, टायरची कड पुसली आणि बोट ठेवून वाचलं. "एकतीस अठरा. एकतिसावा आठवडा, अठरा साल." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, प्रत्येक टायरवर असे चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे ऑगस्ट २०१८ चा टायर आणि आम्ही उभे एप्रिल २०१९ मध्ये. आबांनी वर बघून शोरूमच्या सेल्समन पोराला विचारलं, "गाडी कधीची आहे?" तो म्हणाला, "काका, टायर वेगळ्या कंपनीत बनतात, गाडी नवीच आहे."

आणि मी म्हटलं, "आबा, उठा ना. फोटोला थांबलेत सगळे."

आबांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवला आणि उठून माझ्या शेजारी उभे राहिले. तो फोटो अजून आमच्या हॉलमध्ये आहे. फेटा बांधलेले आबा कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेत, त्यांची नजर चाकाकडे आहे.

महिनाभराने आरसी (गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र) आली. उत्पादनाचा महिना सप्टेंबर २०१८. ज्या ३५,००० रुपयांच्या "पाडवा धमाका" सवलतीवर आम्ही खूश होतो, ती आदल्या वर्षीचा पडून राहिलेला माल खपवायची सवलत होती. जुन्या सालाची गाडी विकणं हा गुन्हा नाही, मला मान्य आहे. सांगून विका ना मग! सांगितलं असतं तर तेवढ्या पैशात आम्ही घेतली असती का, हे आम्ही ठरवलं असतं. गेल्या वर्षी ती गाडी विकायला काढली, तेव्हा घेणाऱ्याने आरसी बघितली आणि पहिलंच वाक्य बोलला, "ताई, गाडी अठराची आहे," आणि तिथेच भाव पाडला. ती सवलत आमच्याकडून अशी परत गेली.

आता भाच्याचं कोटेशन. वर मोठ्या अक्षरांत, "६५,००० रुपयांपर्यंत फायदे". "पर्यंत" हा शब्द बघा. आत फोड अशी: जुनी गाडी दिली तर २५,००० एक्स्चेंज बोनस, ठरावीक कंपन्यांत नोकरी असेल तर १०,०००, त्याच कंपनीची गाडी आधी असेल तर लॉयल्टीचे १०,००० आणि रोख सूट २०,०००. माझा भाचा एका खासगी क्लासमध्ये शिकवतो. त्याची पहिलीच गाडी. म्हणजे त्याच्या वाट्याला येतात फक्त २०,०००. वर त्या सेल्समनने जीएसटीची बचतसुद्धा आमच्याकडून म्हणून तोंडी ऐकवली. अरे, छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तो २२ सप्टेंबर २०२५ पासून आणि तो सरकारने आणला. त्यात तुझं काय?

आता खालची बाजू. एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओचा कर आणि विमा धरायच्या आधीची किंमत, ८,४९,०००. आरटीओचा कर ९३,३९०, तो बरोबर आहे, आपल्याकडे पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के लागतो. मग विमा ५१,८००. "एसेन्शियल किट" २१,५००. "लॉजिस्टिक अँड हँडलिंग" ८,५००. किटमध्ये काय? मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, बॉडी कव्हर, एक परफ्युमची बाटली आणि दोन-चार प्लास्टिकच्या पट्ट्या. आणि हँडलिंग म्हणजे काय, हे मला आजपर्यंत कोणीही सांगू शकलेलं नाही. आरटीओ ते घेत नाही, कुठल्या सरकारी पावतीवर ते नसतं. मी माझ्या पैशाने गाडी विकत घेतेय आणि ती मला विकण्यासाठी हाताळल्याचे पैसेही मीच द्यायचे?

विम्याचं तर विचारूच नका. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्याच गाडीला, तीच आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), तेच झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), तेच इंजिन कव्हर टाकून ऑनलाइन बघितलं. ३५,४००. सोळा हजार चारशेचा फरक! नव्या कारला थर्ड पार्टी (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा २०१८ पासून एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, त्यामुळे आकडा मुळातच मोठा दिसतो आणि त्या मोठ्या आकड्याच्या पोटात बाकीचं दडपून जातं. विमा कुठून घ्यायचा हे ग्राहकाने ठरवायचं, डीलरला सक्ती करता येत नाही. तरी भाच्याला सांगितलं गेलं की बाहेरून घेतला तर कॅशलेस (गॅरेजचं बिल परस्पर विमा कंपनीने भरणं) मिळणार नाही. कॅशलेस ठरतं विमा कंपनी आणि गॅरेज यांच्या आपसातल्या करारावर. पॉलिसी कोणाच्या हातून घेतली यावर ते अवलंबून नसतं.

विम्यातला फरक, किट आणि हँडलिंग मिळून ४६,४०० रुपये. सूट २०,०००. हाच तो पाडव्याचा फायदा.

हे सगळं आपण गप्प बसून का भरतो? मला आज दिवसभर हेच छळतंय. आबांनी घर बांधलं तेव्हा विटांच्या ट्रकवर स्वतः चढले होते. दोन विटा एकमेकींवर आपटून आवाज ऐकायचे, बद्द वाजली की बाजूला. आम्हाला कोणालाही त्यात कमीपणा वाटला नाही. उलट आम्ही भावंडं खाली उभी राहून मोजत होतो. मग शोरूमच्या चकचकीत फरशीवर आबा उकिडवे बसले तर मला एवढं लाजल्यासारखं का झालं? कारण तिथली सगळी मांडणीच तशी असते. थंडगार हवा, ट्रेमधून कॉफी, "मॅडम" आणि "सर". किटचे पैसे कमी करा म्हटलं की समोरचा पोरगा अगदी नम्रपणे म्हणतो, "मॅडम, साडेनऊ-दहा लाखांची गाडी घेताय, मॅटसाठी काय विचार करता?" आणि आपण गप्प. हे वाक्य मी तीन शोरूममध्ये ऐकलंय, शब्दही तेच. आपली लाज हेच त्यांचं भांडवल आहे. वरून मुहूर्त. पाडव्याला गाडी दारात हवी, आई ओवाळायला थांबलीय, अशा वेळी कोण भांडतं?

त्या पोरांचा राग नाही माझा. टार्गेट असतं, पगार तुटपुंजा, महिनाअखेरीला बोलणी खातात. नुसत्या गाडीवर डीलरला फार सुटत नाही हेही ऐकून आहे, कमाई विमा, कर्ज आणि ॲक्सेसरीजवरच असते. असेल. पण ती कमाई माझ्या वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून, न सांगता काढायची नाही.

हप्त्याचंही लिहिते आणि मग थांबते. शोरूममध्ये पहिला प्रश्न येतो, "महिन्याला किती हप्ता झेपेल?" त्याचं उत्तर देऊच नका. तुम्ही दहा हजार म्हणालात की तो वर्षं वाढवून दहा हजारांत बसवून देतो. सहा लाख कर्ज, साडेनऊ टक्के, सात वर्षं, हप्ता साधारण ९,८००. जाहिरातीत त्याचं होतं "रोज फक्त ३२७ रुपये". व्याज जातं सव्वादोन लाखांच्या आसपास. तेच पाच वर्षांत फेडलं तर दीड लाखाच्या थोडं वर. हप्ता जड होतो, हे खरं आहे, सगळ्यांना नाही जमत. पण आधी गाडीची किंमत ठरवा, कर्जाचं नंतर बोला आणि स्वतःच्या बँकेत एकदा तरी विचारून या.

भाच्याला संध्याकाळी फोनवर सांगितलं ते इथेही लिहिते. ऑन-रोड (कर, विमा सगळं धरून होणाऱ्या) किंमतीची ओळ न ओळ फोड करून मेलवर माग, तोंडी काही नको. त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडूनही तसंच कोटेशन घे आणि पहिल्याच्या टेबलावर ठेव. किट नको, विमा बाहेरून घेणार, हँडलिंग देणार नाही, हे तीन वेळा म्हणायची तयारी ठेव, कारण तो तीन वेळा "मॅनेजरना विचारून येतो" म्हणून आत जाणार आहे. टोकन द्यायचंच तर खात्यावर दे, पावती घे, रद्द केलं तर परत मिळेल असं लिहून घे. पूर्ण पैसे भरायच्या आधी गाडी डोळ्यांनी बघ, चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावरचा) लिहून घे, फॉर्म २२ (गाडी बनवणाऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र) माग, त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. मार्चअखेरीचं टार्गेट त्यांच्या डोक्यावर आहे, तुझ्या नाही. जमलं नाही तर उठून ये. पाडव्याला नाही तर अक्षय्य तृतीयेला घेऊ.

तो म्हणाला, "मावशी, एवढं सगळं मला त्यांच्यासमोर बोलता येणार नाही."

मग मी आबांना फोन लावला. ७४ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, आता उकिडवं बसवत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रविवारी जाऊ की. बॅटरी घेतो बरोबर, आतली बाजू दिसत नाही उजेडाशिवाय."

मला राहवलं नाही. सात वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, "आबा, त्या दिवशी मी तुम्हाला उठवायला नको होतं." तिकडून बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाले, "अगं, आई रडत होती ना तुझी. मलाच वाटलं, जाऊ दे."

मी म्हटलं, "या वेळी मी एक शब्द बोलणार नाही."

"बोल की. त्या पोराशी बोल. हँडलिंगचं तू बघ, मी चाकं बघतो."

रविवारी सकाळी अकराला निघतोय. कोणाला कोटेशन तपासून हवं असेल तर इनबॉक्समध्ये फोटो टाका, शनिवारी रात्री बसून बघते.