सुंतेवर बंदी नको, सुंतेला नियम हवेत

जर्मनीत कोर्टाने सुंतेवर बंदी घातली, असं आजही बिनधास्त लिहिलं जातं. त्यात अर्धंच खरं आहे.

नोव्हेंबर २०१० मध्ये कोलोनच्या एका डॉक्टरने चार वर्षांच्या मुसलमान मुलाची आईवडिलांच्या सांगण्यावरून सुंता केली. दोन दिवसांनी रक्त वाहू लागलं, मुलाला हॉस्पिटलात न्यावं लागलं. ७ मे २०१२ ला तिथल्या न्यायालयाने ही शारीरिक इजा ठरवली. डॉक्टर मात्र निर्दोष सुटला, कारण कायदाच इतका संदिग्ध होता की आपण गुन्हा करतोय हे त्याला कळायला मार्ग नव्हता. निकाल दुसऱ्या कोर्टांवर बंधनकारक नव्हता, तरी घाबरून काही रुग्णालयांनी सुंता थांबवल्या. शेवटी १२ डिसेंबर २०१२ ला संसदेने ४३४ विरुद्ध १०० मतांनी दिवाणी संहितेत नवं कलम घातलं. आईवडिलांची संमती चालेल, पण काम वैद्यकीय नियमांनुसारच व्हायला हवं आणि मुलाच्या हिताला धोका नको. बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांत धर्मसंस्थेने नेमलेला प्रशिक्षित माणूसही सुंता करू शकतो, तो डॉक्टर नसला तरी.

माझा आक्षेप या शेवटच्या सवलतीला आहे, आणि तो भुलीपुरता आहे. डॉक्टर नसलेल्याच्या हाती भुलीचं मलमच राहतं. ते तासभर आधी लावावं लागतं आणि वरची कातडीच बधिर करतं. तान्ह्या बाळाची पुढची कातडी आतून चिकटलेली असते, ती सोडवताना कळ आत जाते. तिथे शिश्नाच्या मुळाशी, वरच्या अंगाला दोन्ही बाजूंनी दिलेलं लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शनच नीट काम करतं. किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा धरली, तर ३ किलोच्या बाळाला एक टक्क्याचं औषध एक मिलिलिटरही पुरं देता येत नाही. औषध सोडण्याआधी सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून सुई रक्तवाहिनीत गेली नाही ना ते बघायचं, आणि नंतर चारपाच मिनिटं थांबायचं. घाई होते ती इथेच. बाटली अ‍ॅड्रेनालिन मिसळलेली असेल तर ती या जागी वापरायचीच नाही, टोकाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

स्वीडनने २००१ मध्येच हे ओळखलं. तिथे परवानाधारक मोहेल, म्हणजे ज्यू धर्मात सुंता करणारा माणूस, दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाची सुंता करू शकतो, पण भूल डॉक्टर किंवा नर्सनेच द्यायची. धर्म राहतो, बाळाची वेदनाही कायद्याला दिसते. जर्मनीने हेच उचलायला हवं होतं.

आणखी दोन गोष्टी सक्तीच्या हव्यात. घराण्यात रक्त न थांबण्याचा आजार आहे का, हे आधी विचारणं. ३ किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटरच रक्त असतं, लंगोट दोनदा भिजला तरी ते थोडं नव्हे. दुसरं, मूत्रमार्गाचं तोंड टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल तर सुंता करायचीच नाही, पुढे दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेला तीच कातडी लागते.

हे धर्माला परकं आहे असं कुणी समजू नये. सुंतेनंतर दोन भाऊ दगावले तर तिसऱ्याची करू नये, असं तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथातच आहे. ज्यूंमध्ये सुंता आठव्या दिवशी करतात, पण बाळाला कावीळ असेल तर तो दिवसही पुढे ढकलतात.

मुलाला विचारलेलं नसतं, हा बंदीवाल्यांचा मुद्दा खरा आहे आणि तो मला टोचतो. तरीही बंदी मला मान्य नाही. आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्यू बघा. बहुतेक हिब्रू प्रार्थना विस्मरणात गेल्या, पण शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवणं आणि आठव्या दिवसाची सुंता त्यांनी शतकानुशतकं सोडली नाही. अशी गोष्ट सहा वर्षांच्या तुरुंगवासाची भीती घालून थांबत नाही. २०१८ मध्ये आइसलंडच्या संसदेत आलेल्या विधेयकात तेवढीच शिक्षा होती, ते पुढे सरकलंच नाही. सरकलं असतं तर सुंता बंद दाराआड गेली असती, आणि रात्री रक्त थांबेना तेव्हा पोलिसांच्या धास्तीने आईवडिलांनी बाळाला हॉस्पिटलात न्यायला उशीर केला असता.