श्रेय नॅपकिनला

भर रस्त्यात बंद पडलेली माझी जुनी मोटार एका अनोळखी गृहस्थांनी ओल्या नॅपकिनने बरी केली, असं माझी मावशी परवापासून फोन करकरून नात्यातल्या सगळ्यांना कळवते आहे. नॅपकिन तिचा होता, त्यामुळे तिला आवरणं अवघड आहे. गाडी माझी, ती का बंद पडली हे कळलं मला, आणि ती सुरूही केली मी. पण हे ऐकून घ्यायला आता फोनच्या पलीकडे कोणी शिल्लक नाही. मामेभावाने तर मलाच विचारलं, "त्या काकांचा नंबर घेऊन ठेवला नाहीस का रे?"

मावशीला तिच्या मैत्रिणीकडे सोडायचं होतं. टाकी फुल केली, निघालो, आणि थोडं पुढे जातो न जातो तोच गाडीने आचके द्यायला सुरुवात केली. मग बसलीच. दहा मिनिटं थांबलं की मुकाट्याने सुरू व्हायची, जरा चालायची, पुन्हा बसायची. प्लग नवे, पॉइंट नवे, कॉइल नवी. मेकॅनिकने गेल्या काही महिन्यांत माझ्या पैशाने गाडीतलं जे जे बदलता येईल ते बदललं होतं. रोग तेवढा जुना राहिला होता.

मी बॉनेट उघडून वाकलो होतो. हात कोपरापर्यंत काळे. मावशी खाली उतरून रस्त्याकडे अशा नजरेने बघत होती, की जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटावं, हिला कोणीतरी फसवून इथवर आणलंय. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बंद पडली का?"

या प्रश्नाला आजवर कोणालाही समाधानकारक उत्तर सुचलेलं नाही. मी "हो" म्हटलं.

गृहस्थ सत्तरीचे असतील. काखेत वर्तमानपत्राची सुरळी, पायांत बूट, चेहऱ्यावर निवृत्त माणसाला अचानक काम मिळाल्याचं तेज. त्यांनी मला हातानेच बाजूला केलं, सुरळीचं एक टोक कार्ब्युरेटरवर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. इंजिन बंद होतं. त्यांना आतून काय ऐकू येत होतं, देव जाणे.

"शांत आहे," ते म्हणाले.

"बंद आहे काका."

"तेच ते. सकाळी सुरू होताना त्रास देते?"

"नाही."

"चढावर धाप लागते?"

"सपाटीवरही लागते."

"हं." त्यांनी मावशीकडे पाहिलं. पेशंटच्या नातेवाइकांना विश्वासात घेणारी नजर होती ती. "पेट्रोल?"

"आत्ताच फुल केलंय."

"मग तिथेच चुकलं! फुल कशाला केलंत? पोट तुडुंब भरल्यावर कोण धावेल?"

मावशी म्हणाली, "मी याला म्हटलंच होतं." ती काहीही म्हणाली नव्हती.

आता माझी खरी चिडचीड इथे आहे. हा मनुष्य त्या क्षणी सत्यापासून वीतभर अंतरावर उभा होता. टाकीतून पंप जेवढं पेट्रोल ओढतो, तेवढी हवा बाहेरून आत यावी लागते. ती यायची वाटच बंद असेल तर आतली हवा विरळ होत जाते, आणि एका क्षणी पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचिक पडदा, नुसताच खालीवर करत बसतो. पेट्रोल काही वर चढत नाही. टाकी जितकी भरलेली, तितकी वर हवा कमी, आणि तितकी ती लवकर विरळ होणार. म्हणजे टाकी फुल केल्यावर गाडी लवकर बसली, हे अगदी शास्त्राला धरून होतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडून तेल ओतायला गेलेल्या कोणालाही हे कळावं. काकांनी त्या शास्त्राच्या दारावर टकटक केली, आणि कोणी उघडायच्या आत पुढे निघून गेले.

"माझ्या साडूची होती अशीच," ते म्हणाले. "हाच रंग. सारखी बंद पडायची."

"मग काय केलं त्यांनी?"

"वारले."

आम्ही तिघंही जरा वेळ इंजिनाकडे बघत राहिलो.

"गाडीमुळे नाही," काकांनी खुलासा केला. "पण विकायची राहून गेली ना! तुम्ही विकणार आहात का?"

"नाही."

"ॲव्हरेज काय देते?"

"काका, तुमची स्वतःची कुठली गाडी आहे?"

"मी कधी गाडी घेतलीच नाही. म्हणून तर या बाबतीत माझं डोकं स्वच्छ आहे." मावशीने मान डोलावली. "गाडीवाल्यांचं काय होतं, ते आपल्याच गाडीच्या प्रेमात असतात. त्यांना दोष दिसत नाही. मला दिसतो. वेपरलॉक."

हा शब्द त्यांनी ज्या ऐटीत टाकला, त्यावरून तो त्यांनी वर्षानुवर्षं जपून ठेवलेला असावा. व्हेपर लॉक नावाची भानगड आहे, हे मी नाकारत नाही. जुन्या गाड्यांत पंप इंजिनालाच बोल्टने जखडलेला असतो, तिथे तो तापतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पातळ पेट्रोल ओढायला बनवलेल्या पंपाला वाफ काही ओढता येत नाही. त्यावर पंप थंड करणे हा उपायही खराच. काही हौशी लोक तर पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावतात आणि गुण येतो म्हणून शपथा घेतात. पंचाईत अशी, की व्हेपर लॉक आणि टाकीचा कोंडलेला श्वास यांची लक्षणं अगदी सारखी. दोन्हींत गाडी बसते, आणि दोन्हींत थोडं थांबलं की उठते. पहिल्यात इंजिन निवतं म्हणून, दुसऱ्यात कुठल्यातरी फटीतून हवा हळूहळू आत झिरपते म्हणून. त्यामुळे त्या दहा मिनिटांत तुम्ही प्लग पुसा, कॉइल बदला, गाडीला शिव्या द्या किंवा नवस बोला, गुण येणारच. माझ्या मेकॅनिकची सगळी कीर्ती या दहा मिनिटांवर उभी आहे. बिलंही.

"ताई, एखादं फडकं आहे का? आणि पाणी?" काकांनी विचारलं.

मावशीच्या पर्समध्ये काय नसतं! तिने घडी न मोडलेला नॅपकिन काढला, पाण्याची बाटली काढली. इतका वेळ पाणी मागतोय मी, ते मला मिळालं नव्हतं. काकांनी नॅपकिन भिजवला, पिळला, झटकला आणि पंपावर ठेवायला दोन्ही हातांनी पुढे केला. मावशीने श्वास रोखून धरला.

मी मात्र मागे गेलो होतो. टाकी फुल केल्याबरोबर गाडी बसते, हे डोक्यात घोळत होतं, आणि मेकॅनिकने अलीकडेच बसवलेलं चकचकीत झाकण समोर दिसत होतं. मी ते फिरवलं. आत 'सूंऽऽऽ' असा लांबलचक आवाज झाला, आणि पाठोपाठ टाकीच्या पत्र्यातून 'ढब्'. चेपलेला पत्रा जागेवर आला होता. मला इतका आनंद झाला की विचारू नका. हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो. टाकीची एक बाजू ६० बाय ४० सेंटीमीटरची धरा, आत दाब फक्त एक दशांशाने कमी झालाय असं धरा. त्या पत्र्यावर बाहेरून २४० किलोंचा भार येतो. सतराव्या शतकात ओटो फॉन गेरिके नावाच्या जर्मन गृहस्थाने तांब्याचे दोन अर्धगोल नुसते एकमेकांना भिडवले, आतली हवा पंपाने काढली, आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपले. घोड्यांना ते सुटेनात. तो मॅग्डेबर्ग शहराचा महापौर होता, त्यामुळे त्याचा प्रयोग बघायला लोक जमले. माझा प्रयोग डिकीमागे झाला, आणि बॉनेट वर असल्यामुळे तो कोणालाच दिसला नाही.

मी पळत येऊन सेल्फ मारला. पंपाने रिकामं झालेलं फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी, भरून घेतलं आणि गाडी सुरू झाली.

"बघितलंत?" काका म्हणाले.

"कमाल केलीत हो तुम्ही!" मावशी म्हणाली.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढून झाकणाबद्दल सांगायला लागलो. काकांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "असू दे, असू दे. सगळ्यांनाच सगळं जमत नाही." आणि सुरळी काखेत मारून निघून गेले. मी झाकण सैल ठेवून पुढचा सगळा रस्ता विनातक्रार पार केला, तो मावशीने नॅपकिनच्या खात्यावर जमा केला. गाडीत पेट्रोलचा वास येत होता, तो मात्र माझ्या.

कोणाला वाटेल, एवढ्याशा भोकाचं काय घेऊन बसलात. २०११ साली माझदा कंपनीने एकट्या अमेरिकेत ५० हजारांहून अधिक गाड्या परत बोलावल्या होत्या. कारण काय, तर पिवळट रंगाचे कोळी टाकीच्या हवेच्या नळीत शिरून जाळी विणत होते. त्या कोळ्यांना म्हणे पेट्रोलचा वास आवडतो. नळी तुंबली की टाकीत दाब घटतो, टाकीला तडा जाऊ शकतो, पेट्रोल गळून आग लागू शकते. २०१४मध्ये त्याच कारणासाठी पुन्हा गाड्या बोलावल्या. एका कोळ्यासाठी केवढी धावपळ! माझ्या टाकीत कोळीसुद्धा नव्हता. एखादा निघाला असता तर निदान मावशीला फोटो पाठवता आला असता.

माझ्या टाकीचा गळा आवळला तो नव्या झाकणाने. पूर्वी झाकणातूनच हवा आतबाहेर करायची, पेट्रोलची वाफ खुशाल आकाशात जायची. मग १९७०मध्ये कॅलिफोर्नियाने आणि १९७१मध्ये अख्ख्या अमेरिकेने नव्या गाड्यांना वाफ कोंडून ठेवायची सक्ती केली. ती कोळशाने भरलेल्या डब्यात साठवायची आणि नंतर इंजिनाने ओढून जाळायची, अशी सोय आली. त्या गाड्यांना हवेची वाट निराळी, म्हणून झाकण घट्ट बंद. नियम चांगला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही, की बंद झाकण आणि श्वास घेणारं झाकण यांचा आटा तोच, आकार तोच, चकाकीही तीच, आणि विकणाऱ्याला यातलं कोणतं कोणाला हवं याच्याशी काडीचं देणंघेणं नाही. खोक्यावर लिहायला जागा नसते असंही नाही. तिथे 'अस्सल' एवढं मात्र मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं.

मी झाकण घेऊन मेकॅनिककडे गेलो. "माझं जुनं झाकण कुठंय?"

"फेकलं. भोक होतं त्याला."

"अहो, भोक असायलाच हवं होतं!"

त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "साहेब, भोक असलेलं काढून बिनभोकाचं दिलं, तरी तुम्ही भांडायला आलात? भोकच पाहिजे ना? पाडून देतो." आणि मी काही बोलायच्या आत त्याने ड्रिल चालवलं.

मूळ झाकणात नुसतं भोक नव्हतं. आत एक वाकडी वाट होती. हवा आत जाई, पण उसळलेलं पेट्रोल बाहेर येत नसे. आता थेट आरपार भोक आहे. गाडी बंद पडत नाही, हे कबूल. पण प्रत्येक वळणावर पेट्रोलची चूळ बाहेर येते. ५० लिटरची टाकी काठोकाठ भरून उन्हात लावली आणि पेट्रोल २० अंशांनी तापलं, तर ते जवळजवळ लिटरभर फुगतं. ते जाणार कुठे? त्या भोकातून. झाकणाखालच्या रंगाला फोड आले आहेत आणि मागून चालणारी माणसं नाकाला रुमाल लावून रस्ता बदलतात.

काल हे सगळं मेकॅनिकला दाखवलं. त्याने बोटाने रंग खरवडून पाहिला, विचार केला, आणि म्हणाला, "याला एकच उपाय. बिनभोकाचं झाकण बसवू. नवीन माल आलाय."