सहा फुटी सर्फबोर्ड आम्ही का विकला नाही

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या उत्तर गोव्यातील आश्वे येथील सर्फिंगच्या दुकानाला एक तारा देऊन लिहिले आहे की, 12 हजारांचा सहा फूट दोन इंची वापरलेला शॉर्टबोर्ड (लहान, कडक सर्फबोर्ड) विक्रीसाठी मांडलेला असूनही आम्ही तो आपल्याला दिला नाही, उलट 17 हजारांचा ठिगळे लावलेला आठ फुटी, मऊ फोम बोर्ड गळ्यात मारू पाहिला, आणि नवख्या गिऱ्हाइकाच्या अज्ञानाचा फायदा घेणे हाच आमचा धंदा आहे. आरोप गंभीर आहे. मोजक्या पैशांत पहिला बोर्ड घेऊ पाहणारे इतरही अनेकजण तो वाचतील, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

लांबी डोळ्यांना दिसते, परंतु शिकणाऱ्याचे सारे काम बोर्डाच्या आकारमानावर, म्हणजे लिटरवर, अवलंबून असते. आपण मागितलेला बोर्ड सुमारे 29 लिटरचा आहे. तो पूर्ण पाण्याखाली दाबला तरी जेमतेम 30 किलोचा भार उचलून धरतो, आणि त्यातले तीनेक किलो त्याचे स्वतःचेच असतात. साधारण 75 किलो वजनाच्या माणसाने त्यावर पालथे पडून हात मारायला सुरुवात केली, की बोर्ड छातीखाली बुडतो, वेग येत नाही आणि लाट पुढे निघून जाते. त्यातच ऑक्टोबर ते मे या मोसमात उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या लाटा बहुधा लहान आणि कमी जोराच्या असतात. अशा लाटेवर लहान बोर्ड चालवताना मुरलेल्या सर्फरचीही दमछाक होते. आठ फुटी फोम बोर्ड 80 लिटरच्या आसपास भरतो, त्यामुळे फुटलेल्या लाटेच्या फेसाळ पाण्यातसुद्धा तो माणसाला घेऊन निघतो आणि उभे राहण्याचा सराव पहिल्या दिवसापासून सुरू होतो. लहान बोर्ड चटकन वळतो, हे आपले म्हणणे बरोबरच आहे. मात्र वळण्यासाठी आधी लाटेवर उभे राहिलेले असावे लागते. शिवाय मांद्रे-आश्वेच्या किनाऱ्यावर आंघोळीला उतरलेल्या माणसांच्या मधूनच शिकावे लागते, आणि हातून सुटलेल्या कडक बोर्डाचे टोक किंवा फिन (तळाशी बसवलेले पाते) एखाद्या मुलाला लागणे ही आमच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे.

आता पैशांविषयी. त्या दोहोंपैकी शॉर्टबोर्डात आमची रक्कम जास्त अडकलेली आहे; तो गेला असता तर आमची सोयच झाली असती. पण 12 हजारांत आपला खर्च संपला नसता. त्याला फिन नाहीत, लीश (बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी) नाही, आणि वरचे फायबरग्लासचे कवच हलक्या वजनासाठी पातळ ठेवलेले आहे, त्यामुळे नवशिक्याच्या गुडघ्या-टाचांनी ते लवकर चेपते. आतला गाभा ईपीएस, म्हणजे थर्माकोलसारख्या फोमचा आहे. त्याला भेग पडली आणि कोणी पॉलिएस्टर रेझिन ओतून ती बुजवू गेले, तर ते रेझिन आतला फोम अक्षरशः विरघळवते. त्याला इपॉक्सी रेझिनच लागते, आणि ते काम नीट करणारा माणूस प्रत्येक गावात सापडत नाही.

फोम बोर्डावरची ठिगळे आम्ही लपवलेली नाहीत. तो एक मोसम भाड्याने फिरलेला आहे, वरची मऊ कातडी दोन ठिकाणी फाटली होती, तिथे ती चिकटवली आहे. अशा बोर्डात पाहायचे ते वेगळेच असते: खालच्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पत्र्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत घडी पडलेली नसावी, कारण ती पडली की बोर्ड मधून मोडल्यात जमा असतो; आणि आत पाणी शिरलेले नसावे. म्हणूनच आम्ही तो आपल्यासमोर उभा धरून फिनच्या भोकांतून पाणी ओघळत नाही हे दाखवले होते. कडक बोर्ड दुसरीकडे घेणार असाल तर डेकवर, म्हणजे वरच्या बाजूला जिथे पाय ठेवतात तिथे, अंगठ्याने दाबून पाहा. ती जागा मऊ लागली, आत दबून पुन्हा वर आली, तर कवच गाभ्यापासून सुटले आहे असे समजून तो बोर्ड सोडून द्या, मग तो कितीही स्वस्त असो.

खरी बचत हवी असेल तर पहिल्याच भेटीत काही विकत घेऊ नये. आठवडाभर भाड्याने वेगवेगळ्या लांबीचे बोर्ड वापरावेत, मित्रासोबत एकच बोर्ड भागीत घ्यावा, आणि थांबता येत असेल तर मे महिन्यात यावे. पावसाळ्यापूर्वी बरेचजण आपले बोर्ड काढून टाकतात आणि भावही उतरतात. काटकसर लीशवर मात्र करू नये. ती बोर्डाच्या लांबीइतकी आणि चांगल्या प्रतीची असावी. पुण्यापर्यंत आठ फुटी बोर्ड कसा न्यायचा, ही आपली अडचणही खरी आहे. गाडीच्या टपावर मऊ गाद्या आणि पट्टे लावून तो नेता येतो.

तो फोम बोर्ड अजून दुकानात आहे. आपण तो आधी भाड्याने वापरून पाहावा. घ्यायचा ठरल्यास भरलेले सगळे भाडे किमतीतून वजा करू, नको वाटल्यास आमचा काहीही आग्रह नाही. आणि न फुटलेली लाट स्वतःच्या हातांच्या जोरावर पकडून तिच्या कडेने जाऊ लागाल, तेव्हा तो सहा फुटी बोर्ड शिल्लक असल्यास याच भावात आपल्याला देऊ.