बाइटांचा क्रम म्हणजे वर्णमाला नव्हे

प्रोग्रामर मंडळींत एक विधान सतत फिरत असतं: "मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे ना? मग स्ट्रकंप पुरे. लोकेल हा जुना पसारा आहे." यूटीएफ-८ म्हणजे युनिकोडने प्रत्येक अक्षराला दिलेला क्रमांक बाइटांत लिहिण्याची पद्धत, स्ट्रकंप म्हणजे दोन मजकुरांची बाइटागणिक तुलना करणारं सी भाषेतलं फंक्शन, आणि लोकेल म्हणजे एखाद्या भाषेचे क्रम वगैरेंचे नियम. मराठी यादी एकदा तरी लावून पाहिली असेल, तर हे विधान पटणं कठीण आहे.

म्हणे, बाइट लावले की अक्षरं आपोआप लागतात. लागतात ते युनिकोडचे क्रमांक. त्यांत ळ (०९३३) हा ल ला चिकटून बसलाय, ह (०९३९) च्या आधी. आपली वर्णमाला ळ ला ह नंतर ठेवते. त्यामुळे 'मशाल, महाल, मळा' हवं असताना 'मळा, मशाल, महाल' हाती येतं. ॲ चे हाल याहून वाईट. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं आणि त्याला जागा मिळाली ०९७२, म्हणजे ह, काना-मात्रा आणि अंक या सगळ्यांच्या मागे. हार्डवेअरच्या दुकानातल्या यादीत 'ॲल्युमिनियम पट्टी' थेट 'हातोडी'च्या खाली जाते. गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि दुकानदार ती 'अ' मध्ये शोधत बसतो.

"निदान दोन शब्द एकच आहेत का, हे तर बाइटांवरून कळतं." तेही नाही. ऱ एका क्रमांकाने लिहिता येतो, तसाच र ला नुक्ता (अक्षराखालचं टिंब) जोडूनही. युनिकोडच्या लेखी दोन्ही एकच, स्ट्रकंपच्या लेखी वेगळे. ॲ आणि अ वर चंद्र देऊन केलेला अॅ यांच्या बाबतीत तर लोकेलही वाचवत नाही. साठवतानाच एक रूप पक्कं करावं लागतं.

लोकेलच्या नियमांनी तुलना करणारा स्ट्रकोल मंद आहे, हे खरं. पण स्ट्रएक्सफ्रम या फंक्शनने प्रत्येक नोंदीची किल्ली, म्हणजे त्याच नियमांनुसार लागणारं रूप, एकदाच काढून ठेवा आणि मग त्या किल्ल्यांवर खुशाल स्ट्रकंप चालवा. ही सोय १९८९ च्या सी मानकापासून आहे.

फाइलींचे मार्ग, प्रोटोकॉलचे शब्द, प्रोग्रामच्या अंतर्गत ओळखखुणा यांसाठी मात्र बाइटच योग्य, हे मी मनापासून मान्य करतो. लोकेलचा क्रम बदलूही शकतो: २०१८ मध्ये लिनक्सवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीने तो बदलला, तेव्हा पोस्टग्रेस डेटाबेसमधले त्या क्रमावर बेतलेले मजकुराचे इंडेक्स (शोधसूची) पुन्हा बांधावे लागले.

राहिलं "स्ट्रकोल वापरून पाहिला, काही फरक पडत नाही". आधी सेटलोकेल (लोकेल निवडणारं फंक्शन) केलं होतं का? प्रोग्राम 'सी' नावाच्या मूळ लोकेलमध्ये सुरू होतो आणि तिथे स्ट्रकोल स्ट्रकंपसारखाच वागतो. अल्पाइन या छोटेखानी लिनक्सच्या कंटेनरमध्ये तर सेटलोकेल करूनही तेच, कारण तिथल्या मसल या सी लायब्ररीत स्ट्रकोल म्हणजे स्ट्रकंपच. अशा वेळी आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी जोडा आणि मराठीचे नियम मागा. ळ ह नंतर येतो.