श्रावण पाळणाऱ्याला मिटिंग कशाला?

गटारी जवळ आली की दरवर्षी तोच मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला. त्यातला एक माझा मेहुणा, जो यंदाही श्रावण पाळणार आहे. मजकूर थोडक्यात असा: दारू सोडायला ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना) मिटिंगा लागत नाहीत, मनाचा निग्रह लागतो. श्रावण पाळणारा कधीही सोडू शकतो. मिटिंगा म्हणजे चर्चचा धर्मप्रचार. वर पैसे उकळतात, गावभर नाव होतं आणि जाणारे पुन्हा पितातच.

मी त्या मिटिंगांना जातो. नाव लिहीत नाही, कारण आमच्यात ती रीतच आहे.

श्रावणाचा मुद्दा आधी घेतो, कारण तो एकेकाळी माझाच होता. सलग ९ श्रावण मी पाळले, थेंबाला शिवलो नाही. बायकोला, आईला, ऑफिसात ऐकवायचो, बघा, मनात आणलं की सोडतो. मग गणपती यायचे. एका अनंत चतुर्दशीला मिरवणुकीतून मी घरी आलो नाही, पोरांनी मला आणून टाकलं. निग्रह माझ्याकडे भरपूर होता, पण तो कॅलेंडर बघून चालायचा. महिना संपणार हे ठाऊक होतं म्हणून तर निभायचा. मिटिंगमध्ये कुणी महिन्याची शपथ घालत नाही, वर्षाचीही नाही. ‘फक्त आजचा दिवस’ एवढंच म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे पोरकट वाटलं होतं.

आणि निग्रहवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं. सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात थरथरायचे थांबत नाहीत, त्याने एकदम बंद करणं धोक्याचं आहे. फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. त्याने आधी डॉक्टर गाठावा. मिटिंग त्यानंतर.

आता चर्च. ए.ए. १९३५ साली अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झालं. एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही पक्के पिणारे. दोघांचा एका ख्रिस्ती मंडळाशी संबंध होता आणि ए.ए.च्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूतून बाहेर पडायच्या टप्प्यांमध्ये, ईश्वर येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तिसऱ्याच पायरीत ‘आम्हाला उमगला तसा ईश्वर’ असं म्हटलंय. आमच्या ग्रुपात कुणाचा विठोबा आहे, कुणाचा अल्ला. एक जुने कॉम्रेड आहेत, ते ग्रुपलाच देव म्हणतात. काही मिटिंगा चर्चच्या हॉलमध्ये भरतात, खरंय. आमची महापालिकेच्या शाळेत भरते, तिसरीच्या बाकांवर, गुडघे छातीला लावून.

पैशाचं लवकर आटपतं. फी नाही, बाहेरची देणगी घेत नाहीत. शेवटी पिशवी फिरते, त्यातून जागेचं भाडं आणि चहा भागतो. नवीन माणसाने काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. गल्लत होते ती व्यसनमुक्ती केंद्रांशी. पुण्याचं मुक्तांगण १९८६ सालचं, तिथे राहून उपचार घेतात. ए.ए. म्हणजे संध्याकाळचा तास-दीड तास, मग आपापल्या घरी.

नाव फुटण्याच्या भीतीला मात्र मी अर्धे मार्क देतो. पूर्ण नाव विचारत नाहीत. क्लोज्ड मिटिंगला फक्त पिण्याचा त्रास असलेलेच बसतात, ओपनला कुणीही. तरी लहान गावात ओळखीचा चेहरा निघणारच. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर आमच्या सोसायटीतले एक काका. दोघेही दचकलो. मग लक्षात आलं, तेही काही शाळा बघायला आले नव्हते.

‘पुन्हा पितातच’ म्हणणाऱ्यांसाठी: स्लिप होते, माझीही दोनदा झाली. पण २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास तपासले, त्यात १०,००० हून जास्त माणसं होती. ए.ए.कडे पद्धतशीर वळवणाऱ्या उपचारांत वर्षभराने पूर्ण बंद ठेवणारे सुमारे ४२ टक्के निघाले, इतर उपचारांत ३५ टक्के. जादू नाही. पण मेसेजवाला म्हणतो तसा शून्यही नाही.

जायचं असेल तर ए.ए. इंडियाच्या वेबसाइटवर शहरवार ग्रुप सापडतात, ऑनलाइन मिटिंगाही आहेत. फोन करायला सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे. दहा मिनिटं आधी जा, ‘नवीन आहे’ म्हणा. बोलायची सक्ती नाही. मी पहिले तीन आठवडे नुसता चहा प्यायलो. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे, बायको तिकडे जाते आणि तिथे काय बोलते ते मला सांगत नाही.

मेहुण्याला एवढं सगळं लिहिलं नाही. मंगळवार, संध्याकाळी सात, शाळेचं मागचं गेट, इतकंच पाठवलं. निळ्या खुणा आल्यात.